दादाच्या गाडीचं नाक

९ जानेवारी

गाडी आली. ट्रकच्या पाठीवर, ताडपत्रीत गुंडाळलेली. उतरवताना ट्रकवाला सारखा ओरडत होता, "काका, बाजूला व्हा!" आणि मी काही बाजूला होत नव्हतो. शेवटी हिनेच मला दंडाला धरून मागे ओढलं.

दादाने ही गाडी परदेशात भंगारातून उचलली आणि भाड्याच्या गॅरेजात वर्षानुवर्षं खपून उभी केली. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि अर्धा फोन गाडीचाच असायचा. आज कोणता पत्रा सरळ केला, कोणता स्क्रू कुठून मिळवला. त्यामुळे आज पहिल्यांदाच बघूनही ती मला अनोळखी वाटली नाही. गडद हिरवी, बसकी, जेमतेम दोन माणसांची. पुढे लांबलचक उतरतं नाक आणि टोकाला जाळीचं लंबगोल तोंड. कोपऱ्यांना बंपरचे दोन चिमुकले तुकडे, मिशांसारखे. बाकी पुढे काही नाही. इतकं गुळगुळीत की हात ठेवला तर घसरतोच.

दादाला जाऊन वर्ष झालं. वहिनी गेल्या महिन्यात कायमच्या इकडे आल्या. आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांना दिल्यात. सामानाबरोबर गाडी आणायचीच, हा त्यांचा हट्ट होता. ऐकून मला भरून आलं होतं. माझ्या घड्याळांच्या दुकानात लोक बापाचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन येतात आणि हातात देतानासुद्धा सोडत नाहीत. वहिनींनी अख्खी गाडी आणली.

गॅरेजात लावल्यावर त्या चाकामागे जाऊन बसल्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मी हिला खुणेने म्हटलं, राहू दे त्यांना जरा एकटं.

बाहेर आल्यावर विचारलं त्यांनी, "भाऊजी, रस्त्यावर कधी नेता येईल?"

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," म्हटलं. "सगळं मी बघतो."

१४ जानेवारी

परिवहन कार्यालयात गेलो होतो. परदेशातून आलेल्या गाड्या एक निरीक्षक बाई बघतात. चाळिशीच्या आतल्या, बोलणं मोजकं. मी नेलेले फोटो त्यांनी पत्ते पिसावेत तसे भराभर पाहिले आणि एकावर थांबल्या.

"मागची नंबरची पाटी कुठे बसेल ते दिसतंय. पुढची कुठे लावणार?"

"पुढची नाहीच आहे."

"नाहीच म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. जिथे ही गाडी जन्मली तिथे मागे एकच पाटी लागायची. म्हणून कारखान्याने पुढे जागाच ठेवली नाही. नाक तसं सोडलं, आणि त्या नाकासाठीच ही गाडी नावाजली गेली.

"तिथे लागत नसेल. इथे दोन लागतात," बाई म्हणाल्या. "पाटी कायमची बसवलेली पाहिजे, उभी पाहिजे, समोरून वाचता आली पाहिजे. चिकटवलेली चालत नाही. काचेच्या आत ठेवलेली चालत नाही."

"म्हणजे भोक पाडायचं?"

"कसं बसवायचं ते तुम्ही ठरवा. मला बसवलेली दिसली पाहिजे."

घरी येईपर्यंत तोच विचार. माझ्या धंद्यात एक गोष्ट मी आयुष्यभर पाळली. घड्याळ कितीही बिघडलेलं असो, मूळ तबकडीला हत्यार लावायचं नाही. बाकी सगळं बदलता येतं. तबकडी म्हणजे घड्याळाचा चेहरा. आणि ह्या बाई मला दादाच्या गाडीच्या चेहऱ्याला भोकं पाडायला सांगतात.

१५ जानेवारी

जेवताना सांगितलं. ही म्हणाली, "एवढंच ना? दोन भोकांसाठी चेहरा असा का पाडलाय?"

वहिनींनी विचारलं, "केवढी भोकं?"

"भोकं पाडायचीच नाहीत," मी म्हणालो. "दादाने ते नाक किती घासलंय, किती वेळा रंगवलंय, तुम्हाला कल्पना नाही."

"आहे," वहिनी म्हणाल्या आणि ताटाकडे बघत राहिल्या.

आठवणीने जीव कासावीस झाला असणार. मी विषय बदलला.

२५ जानेवारी

लोहचुंबकाचा प्रयोग फसला. चांगले दणकट चुंबक आणले, पाटीच्या मागे बसवले, नाकाला लावले आणि पाटी थेट माझ्या अंगठ्यावर. नाकाचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे! रविवारच्या फोनवर दादाने मला हे शंभरदा सांगितलं असेल. ही इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. वहिनीही हसल्या. त्या हसतात तेव्हा बऱ्याच तरुण दिसतात, हे मी विसरलो होतो.

अंगठा सुजलाय. दोन दिवस चिमटा धरता येणार नाही.

२ फेब्रुवारी

आज जाळीला पकडी लावून पाटी बसवली. कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याने पकडी बेतून दिल्या होत्या. एकही भोक नाही, पाटी घट्ट. मी खूश. इंजिन चालू करून आम्ही सगळे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने वहिनी एकदम म्हणाल्या, "बंद करा. पाणी तापतंय."

पत्रेवाला म्हणाला, "काही नाही हो, जुन्या गाड्या अशाच घुरघुरतात."

"बंद करा म्हणते ना. तोंड दाबलंय तिचं, हवा जात नाही."

बंद करून बघितलं तर काटा पार टोकाला टेकायला आला होता. बायकांचे कान तिखट असतात हेच खरं. दादाच्या तोंडून ऐकून ऐकून लक्षात राहिलं असणार.

९ फेब्रुवारी

कार्यालयात वहिनीही माझ्याबरोबर आल्या. पाटी पुढच्या कोपऱ्यात, गाडी ओढायच्या कड्याला लटकवली तर चालेल का, असं मी विचारलं. बाईंनी मान हलवली. हलता कामा नये, त्या म्हणाल्या. वहिनी तोवर दुसऱ्याच खिडकीपुढच्या रांगेत उभ्या होत्या. पत्त्याचा बदल वगैरे असेल. परत आल्या तेव्हा हातात एक छोटं पाकीट होतं आणि चेहरा प्रसन्न. म्हटलं, चला, निदान घराबाहेर पडल्या.

१७ फेब्रुवारी

वाट सापडली! जुन्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस भेटले. भल्यामोठ्या मिशांचे गृहस्थ, बोलताना मिशा आधी हलतात. त्यांनी सांगितलं, की 'जतन वाहन' नावाचा एक वेगळा वर्ग आहे. गाडी पुरेशी जुनी असेल, मूळ अवस्थेत असेल आणि कारखान्यानेच पुढे पाटीची सोय केलेली नसेल, तर समिती पुढच्या पाटीतून सूट देऊ शकते.

"पण एक भोक जरी दिसलं," मिशा म्हणाल्या, "तर संपलं. मग ती मूळ अवस्था नाही."

बघा! आणि ही म्हणत होती, दोन भोकांनी काय होतंय.

१९ फेब्रुवारी

अर्जावर वहिनींची सही घेतली, कारण गाडी कागदोपत्री त्यांच्या नावावर आहे. मी बोट ठेवलं तिथे सही करतील असं वाटलं होतं. त्या चष्मा लावून सगळं वाचत बसल्या.

"भाऊजी, इथे लिहिलंय, 'सार्वजनिक रस्त्यावरील वापर मर्यादित'. म्हणजे किती मर्यादित?"

"ते नावापुरतं असतं हो."

"ताईकडे जाता येईल ना?"

वहिनींची थोरली बहीण डोंगरातल्या गावी एका शुश्रूषागृहात असते. दोन बस बदलून, पुढे चढण चढून जावं लागतं. तिला हल्ली विसरायला होतं. परवा फोनवर तिने वहिनींना विचारलं म्हणे, शाळा सुटली का गं.

"तुम्हाला ताईंकडे जायचं तर मी नेईन की बसने," मी म्हणालो. "एवढं हे आटोपू दे."

त्यांनी सही केली.

६ मार्च

समितीसाठी फाइल तयार करतोय. चारही बाजूंनी फोटो, नाकाचे जवळून फोटो, कारखान्याच्या जुन्या जाहिरातीची प्रत. ज्या कंपनीने ही गाडी घडवली तिच्या वारसदारांनी माझ्या पत्राला उत्तर पाठवलं, की होय, या नमुन्याला पुढे पाटीची जागा कधीच नव्हती. पत्र हातात आलं तेव्हा असं वाटलं, की रविवार आहे आणि आता दादाला फोन लावून हे सांगावं.

रात्रीचं जेवण उरकल्यावर ही म्हणाली, "वहिनी हल्ली संध्याकाळच्या गॅरेजात जाऊन बसतात, बघितलंत का?"

"आठवण येते गं."

"गाडीत बसतात. गिअर टाकत असतात. एक, दोन, तीन, परत एक. दांड्याचा आवाज येतो मला स्वयंपाकघरात."

"दुःखात माणूस काहीही करतो."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं ते भिंग जरा काढून ठेवत जा घरी आल्यावर." आणि भांडी घासायला गेली. आता यात माझ्या भिंगाचा काय संबंध?

१९ मार्च

समितीच्या आधी निरीक्षक बाईंचा अभिप्राय लागतो, म्हणून त्या स्वतः गॅरेजात गाडी बघायला आल्या. नाकासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "सुंदर आहे हो."

मला धीर आला. विचारलं, "मग इतकी सुंदर गोष्ट कशाला बिघडवायची? मागे पाटी आहेच की. ओळखायला एक पुरे."

त्या उठल्या, गुडघे झटकले. "मागची पाटी निघून जाणाऱ्या गाडीची असते. रस्ता ओलांडणारं माणूस मागून बघत नाही, समोरून बघतं. त्याला कळायला हवं, कोण येतंय ते."

त्या गेल्यावर दुकानात गेलो. दुकानातून परत येताना चौकात मुद्दाम थांबून बघितलं. खरंच, ओलांडताना आपण सगळे समोरच बघतो. एका शाळकरी मुलीचा हात धरून एक म्हातारी उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडाकडे बघत होती. पाटी असलेलं तोंड म्हणजे नाव सांगून पुढे आलेला माणूस.

नियमात अर्थ आहे, हे मला मान्य करावं लागेल. पण प्रत्येक नियमाला अपवाद असतो, आणि दादाची गाडी अपवाद नसेल तर दुसरं काय असेल? असं मी स्वतःला सांगितलं. झोप मात्र नीट लागली नाही.

बाईंनी अभिप्राय अनुकूल दिला. जाताना वहिनींना विचारत होत्या, "अर्ज तुमचाच ना?" वहिनी म्हणाल्या, "सही माझी आहे."

३ एप्रिल

जिंकलो!

समितीत तिघे जण होते. मी बोललो ते मलाच ऐकू आलं नाही, पण मिशा नंतर म्हणाल्या, की झकास बोललात. कारखान्याचं पत्र कामी आलं. सूट मंजूर. गाडीला पुढची पाटी नको, नाकाला हात लावायला नको. येताना मिठाईच्या दुकानात शिरलो आणि मोठा खोका घेतला.

घरी दोघींना समोर बसवून मंजुरीचा कागद मोठ्याने वाचला. पहिलं पान वाचताना आवाज चांगला लागला होता. दुसऱ्या पानावर अटी होत्या. त्या मी आधी बघितल्या नव्हत्या, वाचतानाच कळत गेल्या. वाहन फक्त प्रदर्शन, मंडळाचे मेळावे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येईल. प्रत्येक वेळी आगाऊ कळवावे लागेल. दैनंदिन वा खाजगी प्रवासास वापर करता येणार नाही.

"म्हणजे मी चालवू शकणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ही उठून आत गेली. मिठाईचा खोका तिने उघडलाच नाही.

"भाऊजी, मी तिथे इस्पितळात एक्स-रे काढायचे हे तुम्हाला माहीत आहे. कामाला जायचे कशी, असं वाटलं तुम्हाला? माझी छोटी गाडी होती. निवृत्त होईपर्यंत रोज चालवली, बर्फातसुद्धा."

दादा कधी बोलला नाही. दर रविवारी बोलायचा, पण हे कधी बोलला नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.

"इथला परवाना काढलाय मी. त्या दिवशी तुमच्याबरोबर आले होते तेव्हा." त्या शांतपणे बोलत होत्या, एखाद्या पेशंटला हलू नका सांगावं तशा. "या गाडीच्या चाकामागे पहिल्यांदा बसले ती इथे, तुमच्या गॅरेजात. मी ती चालवायला आणली, भाऊजी. ठेवायला नाही."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मी पहिल्याच दिवशी विचारलं, रस्त्यावर कधी नेता येईल."

हो. विचारलं होतं.

५ एप्रिल

मला राग आलाय. कोणाचा ते ठरत नाही. तीन महिने चपला झिजवल्या त्या काय माझ्यासाठी? दादाच्या हातचं जसंच्या तसं राहावं म्हणूनच ना? की रविवारचा फोन चालू राहावा म्हणून? गाडीबद्दल काही ना काही रोज करायला होतं, तोवर तो बंद झाला नव्हता.

आज रविवारच आहे. दुकानात जाऊन एक अलार्मचं घड्याळ उगाच उघडलं आणि परत बंद केलं.

६ एप्रिल

वहिनी सकाळी एकट्या बसने ताईंकडे गेल्या. हिला सांगून गेल्या, मला नाही.

१० एप्रिल

वहिनी परत आल्या. पाय सुजलेत. चहा घेताना हिने विचारलं, "कशा आहेत ताई?"

"पोचले तेव्हा ओळखलं. अगदी नावाने हाक मारली, लहानपणचं काय काय बोलली. जेवण झालं, जरा पडली. उठली तेव्हा मला म्हणाली, सिस्टर, माझी बहीण येणार होती, आली की मला उठवा." वहिनींनी कप खाली ठेवला. "मी म्हटलं, उठवते."

नंतरच्या दिवसांत ओळखलंच नाही म्हणे. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, थंडीचे दिवस होते तोवर बरं चाललं होतं.

मी उठून दुकानात आलो. गिऱ्हाईक नव्हतं. बसून राहिलो. 'एवढं हे आटोपू दे' हे माझेच शब्द.

१३ एप्रिल

वहिनी दुकानात आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. भिंतीवरची घड्याळं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"निरीक्षक बाईंना भेटून आले. जतन वर्ग सोडून साध्या वर्गात यायला हरकत नाही म्हणाल्या. पुढची पाटी लावली की झालं."

"बरं केलंत," मी म्हणालो. खरंच तसं वाटलं की नाही, ते माहीत नाही.

"भोकं तुम्ही पाडाल का?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला. "पत्रेवाला पाडेल की. त्याचं ते कामच आहे."

"पाडेल. पण तो पाडत असताना तुम्ही इथे दार लावून बसाल. आणि मग त्या गाडीकडे परत कधी धड बघणार नाही. माझ्याकडेही." त्या स्टुलावर बसल्या. "हात तुमचाच स्थिर आहे, भाऊजी. वेडंवाकडं झालं तर मलाही सोसणार नाही. मला काय तिचं नाक आवडत नाही?"

हे तर मी कधी विचारातच घेतलं नव्हतं.

"उद्या सांगतो," म्हणालो.

१५ एप्रिल

पाडली.

दुकानातला हातड्रिल नेला, विजेचा नको म्हटलं. जागा वहिनींनी ठरवली. जाळीच्या वर नाही, खाली, ओठासारखी वळलेली कड आहे तिथे. तिथे पाटी बसली तर हवाही अडत नाही आणि समोरून नीट दिसते. मी तीन महिने जाळी आणि कडं यांच्यातच घुटमळत होतो, आणि जागा त्यांनी बोटाने दाखवली.

कागदाची चिकटपट्टी लावली, खुणा केल्या. ड्रिलचं टोक टेकवलं आणि हात थांबला. इतकी वर्षं केसाएवढ्या स्क्रूवर न थरथरलेला हात थांबला. कोणी घाई केली नाही. ही गॅरेजच्या दारात भाजी निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही. वहिनी शेजारी दिवा धरून होत्या.

मग फिरवला. ॲल्युमिनियम मऊ असतं. चकचकीत तार निघत गेली, वळत वळत माझ्या मनगटावर पडली.

दुसरं भोक झाल्यावर सवयीने भिंग डोळ्याला लावलं आणि कड बघितली. रंगाचे थर दिसले. वर हिरवा, खाली पातळ तांबूस, त्याखाली राखाडी, आणि परत तांबूस. झाडाच्या बुंध्यात दिसतात तसे. दादाचे सगळे हिवाळे. भोक पाडलं नसतं तर हे मला कधीच दिसलं नसतं. मी किती वेळ बघत होतो कोणास ठाऊक.

"बघू," वहिनी म्हणाल्या. मी भिंग दिलं. त्यांनी डोळा बारीक करून पाहिलं.

"तो राखाडी माझा," त्या म्हणाल्या. "त्यांचा खांदा आखडला होता त्या वर्षी. नाकावरचा तो अख्खा थर मी लावला. घासला पण मीच."

"दादा म्हणाला होता, त्या थरात एकही ओघळ नाही."

"म्हणाले होते?" त्यांनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं. "मला नाही म्हणाले कधी."

पाटी बसवली. चेहरा बदलला खरा. वाईट नाही दिसत. उगाच खोटं कशाला लिहू, पहिल्यापेक्षा कमी सुंदर दिसते. पण कुठेतरी निघालेली वाटते.

२३ एप्रिल

गाडी कार्यालयात नेली. निरीक्षक बाई पाटीसमोर लांब जाऊन उभ्या राहिल्या, नंबर मोठ्याने वाचला, जवळ येऊन पाटी हलवून बघितली. हलली नाही. "कोणी बसवली?"

"आमच्या भाऊजींनी," वहिनी म्हणाल्या.

कागद मिळाला. परत येताना वहिनींनी चालवली, मी शेजारी. ही गाडी इतकी खाली बसते की रस्ता मांडीखालून गेल्यासारखा वाटतो. पहिल्या वळणाला मी दाराची कडी घट्ट धरली. दुसऱ्याला धरली नाही. त्या गिअर बदलतात ते कळतच नाही. चौकात माणसं ओलांडत होती. वहिनींनी गाडी लांबूनच थांबवली. एका बाईने आधी पाटीकडे, मग काचेतून वहिनींकडे बघितलं आणि हसून पुढे गेली.

मिशांचा संध्याकाळी फोन आला होता. म्हणाले, "घोर अपराध केलात राव, गाडीची किंमत मातीत घातलीत." म्हटलं, "ती विकायची नाहीये. चालवायची आहे."

२ मे

पहाटे वहिनी ताईंकडे गेल्या. एकट्याच. शुश्रूषागृहातून परवानगी मिळाली तर ताईंना थोडे दिवस इकडे आणायचं ठरलंय. हिने मागच्या खोलीत दुसरा पलंग लावून घेतला. मी न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली. भिंतीला भोकं पाडताना हात अजिबात थांबला नाही.

४ मे

दुपारी गाडी दारात आली. शेजारच्या जागेवर ताई. डोक्याला रुमाल, गाल उन्हाने लाल, आणि चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या मुलीचा आनंद. वहिनी म्हणाल्या, वाटेत दोनदा नावाने हाक मारली. बाकी वेळ सिस्टर.

मी दार उघडायला पुढे झालो. ताईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दादाचं आणि माझं कपाळ, आवाज सारखाच, सगळे म्हणतात. पण हे लक्षात यायला मला वेळ लागला. ताई माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"अहो, तुम्ही इथे आहात होय?" त्या म्हणाल्या. "बरे सापडलात. माझ्या बहिणीला गाडी का देत नाही तुम्ही? दर पत्रात लिहिते बिचारी, 'एकदा तरी चालवायला द्या म्हणते, आणि हे नुसते हसतात.' हसण्यावारी नेता होय?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी चाकावरचे हात काढले नव्हते. मान खाली. त्या ताईंना काही सांगायला गेल्या, हे ते नव्हेत गं, असं काहीतरी. 

दादा, तू हसत होतास?

ताई उत्तराची वाट बघत होत्या. त्यांची नजर इतकी सरळ होती की मी तो नव्हेच, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि अगदीच तो नव्हतो, असंही नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," ताई म्हणाल्या. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. म्हणाल्या, "भाऊजी, दार असंच धरा हं. तिचा पाय अडकलाय खाली."

मी दार धरून उभा राहिलो. वहिनी पलीकडून उतरून आल्या, वाकल्या, आणि हळूहळू ताईंचा पाय सोडवून बाहेर घेतला.